सामाईक माणूस

"हा कोणाचा?" असं विचारत बाईने पिशवीतला साचा काढून गाळेधारक संघाच्या टेबलावर ठेवला.

पाचही मालक त्याच्याकडे बघत राहिले, जसं काही लोखंड आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. पाचही गाळ्यांत धंदा साच्यांवरच चाले.

बाईचा नवरा या पाचांचा सामाईक माणूस. वेगवेगळे हमाल परवडत नाहीत म्हणून संघाने खर्च वाटून घेतले होते. टेम्पो एक, पंप एक, माणूस एक. जिनाही सामाईक, त्यामुळे त्याचा मोडका कठडा दुरुस्त करणं कुणाच्याच अंगावर आलं नव्हतं. भांडणं नकोत म्हणून अध्यक्षांनी नियम घालून दिला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता : ज्याचा माल हातात, त्या घटकेला तो त्याचा माणूस.

काल तो माणूस त्या जिन्यावरून खाली आला. पायऱ्या न वापरता.

"पाठीवर पडले," बाई म्हणाली. "साचा पोटाशी धरलेला. हात सोडवायला दोघं लागले. साच्यावर ओरखडा नाही, बघून घ्या. यांना अजून शुद्ध आलेली नाही. उद्यापर्यंत ऑपरेशन झालं तर पाय वाचतील म्हणतात. नियम तुमचाच आहे, म्हणून विचारायला आले."

"फार वाईट झालं, वहिनी," अध्यक्ष म्हणाले. "पण हा आपला नाही बुवा."

बाकीच्या चौघांनीही माना हलवल्या. मग तो कुणाचाच नव्हता.

अध्यक्षांनी साचा पिशवीतून अर्धा बाहेर आला तेव्हाच ओळखला होता. बाटल्यांच्या झाकणांचा. शनिवारी माल पोचवायचा होता. पण साचा आपला म्हटला की माणूसही आपला, ऑपरेशनसकट. हिशोबात अध्यक्ष कधी चुकले नव्हते.

"बरं. मग भंगारात घालते," बाई म्हणाली आणि साचा पुन्हा पिशवीत टाकला. कुणी अडवलं नाही. अध्यक्षांनी तर अदबीने दार उघडून धरलं. त्यांना एकदम हलकं वाटत होतं. भंगारवाला किलोच्या भावाने विकतो.

सकाळी भंगारवाल्याचं शटर अर्धंच वर होतं, तरी अध्यक्ष वाकून आत शिरले.

"काल एक साचा आला असेल. झाकणांचा. डाव्या कडेला फुलीची खूण आहे, माझ्याच हातची. भाव बोल, आज घासाघीस नाही."

भंगारवाल्याने वजनकाट्यामागे पाहिलं. तिथे पत्र्याच्या डब्यावर, साचा मांडीवर घेऊन ती बसली होती. तिने तो सावकाश फिरवला आणि डाव्या कडेवरून अंगठा नेला.

"आहे फुली," ती म्हणाली. "दादा, चहा सांगा. मालक सापडले."