अडलेलं गणित

तोवर संगणक नुसती आकडेमोड करायचा. बीजगणित त्याला पहिल्यांदा मी शिकवलं. माझ्या गणिताच्या सरांनी लिहिलेल्या सूत्रांच्या पुस्तकातली नऊशे उत्तरं जुळली, एकच अडलं: पुस्तकात उणे, संगणकाचं अधिक. सर कसे चुकतील? तीन महिने मी प्रोग्रॅम उसवत बसले. हाताने सोडवलं तरी अधिकच; मग हातावरही विश्वास बसेना. शेवटी वैतागून तेवढ्या गणितापुरतं उणे घुसडलं आणि छापलेले कागद सरांपुढे ठेवले. त्यांनी बाकी कागद बाजूला सारून नेमकं तेच गणित काढलं. "पुस्तकातली ही चूक मुद्दाम ठेवलीय, पोरी. कोणी न सोडवता उत्तरं उतरवली, की इथे सापडतो." छापलेल्या उणेवर त्यांनी बोट ठेवलं. "म्हणजे तुझं यंत्रही नक्कलच करतं?" सरांवर चिडावं की स्वतःवर, कळेना. "ते बरोबरच सांगत होतं, सर. मीच ऐकलं नाही."