दारातल्या चपला

वस्ती पाडून तिथे इमारती होणार होत्या. ज्या घरात म्हातारं माणूस राहतं, त्याला एक खोली जास्त मिळणार होती. म्हणून मोजणीच्या दिवशी सकाळीच मुलाने आईला वृद्धाश्रमातून घरी आणलं. सुनेने सासूबाईंची साडी दोरीवर वाळत घातली, फळीवर त्यांची औषधं मांडली, दारात नव्या चपला ठेवल्या. आजी हरखून त्यात पाय घालायला गेल्या.

"आत्ता नको हं, आई," सून गोड आवाजात म्हणाली.

मोजणीवाल्याने विचारलं, "आजी, झोपता कुठे तुम्ही?"

आजींनी फ्रिजकडे बोट दाखवलं. "तिथं माझी खाट होती."

"आई विसरते हो हल्ली," मुलगा घाईघाईने हसला.

आजींनी त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला. "हो रे बाबा, विसरते मी. इथंच झोपते."

मोजणीवाला गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत साडी दोरीवरून उतरली, औषधं पिशवीत गेली.

"चला आई, तिथली जेवणाची वेळ चुकेल."

आजी दारात घुटमळल्या. "तेवढ्या चपला राहू देत का गं इथं? पुन्हा तपासायला आले तर..."

सून धूळ झटकून चपला खोक्यात भरत होती. "छे हो! दुकानदार आजच्या दिवसातच परत घेतो."