काशीत काय सोडलं?

काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडायचं असतं. विश्वनाथाचं दर्शन झाल्यावर जयसिंगनं कारलं सोडलं. ते त्यानं जन्मात कधी ताटात घेतलं नव्हतं, त्यामुळे नेम मोडायची भीती नव्हती. तशी आईला काशी घडवण्यातही त्याची भक्ती बेताचीच होती. भरे गावच्या रानातला जुना आंबा तोडल्याशिवाय बिल्डर जमीन घेणार नव्हता, आणि आई घरात असेपर्यंत त्या झाडाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. सकाळीच गावाकडून फोन आला होता, "काम झालं, दादा."

"आई, तू काय सोडलंस?" देवळाबाहेर चपला शोधताना त्यानं विचारलं.

"आंबा."

जयसिंगच्या हातातली चप्पल हातातच राहिली. "अगं, आंब्याबिगर तुझा उन्हाळा तरी जातो का? दुसरं कायतरी सोड की. कारलं सोड."

"न्हाई रं," आई पायरीवर टेकत म्हणाली. "झाड बगाय आल्याली करवतवाली माणसं, त्यांना च्या मीच दिला हुता. म्हणलं, आपुनच सोडला म्हंजी तू तोडला असं हुत न्हाई."