साताचा भोंगा

भोंगा वाजला तशी धोंडिरामची फोन बंद करायची धांदल उडाली. पलीकडं प्रियंका काहीतरी सांगत होती, तिचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. पण नियम म्हणजे नियम. सरपंच हंबीररावांनी ग्रामपंचायतीच्या छतावर भोंगा बसवल्यापासून संध्याकाळी सातला अख्ख्या गावातले टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. ज्याच्या घरातनं मालिकेचा आवाज येईल, त्याचं नाव दुसऱ्या दिवशी स्पीकरवर. धोंडिरामचं घर ग्रामपंचायतीच्या अगदी समोर. त्यामुळं भोंगा त्याच्या ओट्यावरच ठेवल्यागत वाजायचा.

प्रियंका त्याची धाकटी. मलकापूरच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून ती इस्रायलला गेली होती. अश्दोद नावाच्या गावात एका आज्जींना सांभाळायची. आज्जी चाकाच्या खुर्चीत. दर शुक्रवारी भोंग्याआधी तिचा फोन यायचा. धोंडिरामला लढाईच्या बातम्या हव्या असायच्या. त्याच्या बायकोला, जाईबाईला, आज्जींच्या दोन पोरांचं ऐकायचं असायचं.

थोरला योआव. त्याच्या मुलाला सैन्यातनं तिसऱ्यांदा बोलावणं आलेलं. धाकटा शिमोन. तो देवाधर्माला लागलेला, त्याची पोरं दिवसभर पोथ्या वाचायची आणि सैन्यात जायची नाहीत. थोरला सरकारच्या विरोधात मोर्चे काढायचा, धाकटा त्याच सरकारला मत द्यायचा. वर्ष उलटलं तरी दोघांची बोलाचाल बंद होती. शुक्रवारी मात्र दोघंही आईकडं यायचे आणि आईमार्फत बोलायचे. आई, त्याला सांग खिडकी लाव. आई, त्याला म्हणावं मला उकडतंय.

"परदेश परदेश म्हनत हुता," जाईबाई नवऱ्याला म्हणाली होती. "ही तर आपलीच भावकी निघाली की वो."

वाक्य अर्ध्यात राहिलं त्या शुक्रवारी नियमाची वेळ संपल्यावर धोंडिरामनं फोन चालू केला, तर प्रियंका रडत होती.

झालं होतं ते असं. आज्जींना आप्पांना, म्हणजे धोंडिरामला, नमस्कार करायचा होता, म्हणून तिनं फोनचा आवाज मोठा करून त्यांच्या मांडीवर दिला होता. तेवढ्यात गावचा भोंगा वाजला. धोंडिरामला बटण सापडेपर्यंत तो अश्दोदच्या त्या बैठकीत दणकून वाजला. तिथं भोंगा म्हणजे क्षेपणास्त्र. पहिल्यांदा आज्जीच ओरडल्या. योआवनं खुर्ची ढकलली, शिमोननं पोलादी दार ओढलं, आणि सगळे बचावाच्या खोलीत जाऊन बसले.

खोली एवढीशी. गुडघ्याला गुडघा. आज्जींनी डोळे मिटून घेतले, त्यामुळं निरोप पोचवायला कोणी उरलं नाही. मग थोरला भिंतीकडं बघून बोलला, की कुणाची पोरं रणगाड्यात आणि कुणाची पोथीत. धाकटा भिंतीलाच म्हणाला, की तुझ्या पोराचं नाव मी रोज सकाळी प्रार्थनेत घेतो. थोरल्यानं मान वळवून विचारलं, त्याच्या आईच्या नावासकट घेतोस का? तसंच घ्यायची रीत आहे, धाकटा म्हणाला. मग दोघं त्या पोराबद्दल बोलत बसले. तो लहानपणी कशाला भ्यायचा, आता काय खातो, फोन करतो की नाही. बाहेर काही फुटलं नाही, तरी उठलं कोणीच नाही.

शेवटी योआवनं मोबाईल बघितला. अश्दोदमध्येच काय, देशात कुठंही भोंगा वाजला नव्हता. प्रियंकानं खरं ते सांगून टाकलं. सांगलीकडचं आमचं गाव, तिथं टीव्ही बंद करायला भोंगा लावतात.

हे ऐकून दोघं भाऊ एकदमच तिच्यावर उखडले. आज खोटा भोंगा ऐकला, उद्या खऱ्याला आई जागची हलणार नाही. वर्षभरात पहिल्यांदाच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. या बाईला काढायचं.

काम गेलं की व्हिसा गेला. धोंडिराम दुसऱ्या दिवशी हंबीररावांकडं गेला आणि म्हणाला, सरपंच, भोंगा तेवढा माझ्या दारासमोरनं हलवा. हंबीररावांनी सगळं ऐकून घेतलं.

"गड्या, पोरीला म्हनावं, त्यास्नी नीट समजावून सांग," ते म्हणाले. "आपल्याकडं भोंगा वाजला की मानसं पळत न्हाईत. बोलाय लागत्यात."

ह्यानं पोरीची नोकरी कशी वाचणार, ते धोंडिरामला कळलं नाही.

पुढचा शुक्रवार आला. फोन नेहमीपेक्षा लवकर वाजला. पडद्यावर प्रियंका नव्हती, आज्जी होत्या. धोंडिरामनं हात जोडले आणि आधीच सुरुवात केली, की चूक त्याची आहे, पोरीची नाही, तिला काढू नका. आज्जींनी बोट वर करून त्याला थांबवलं आणि त्यांच्या भाषेत बरंच काही सांगितलं. मागनं प्रियंका मराठीत सांगायला लागली. तिचा आवाज जरा चमत्कारिक येत होता.

"आप्पा, आज्जी म्हनत्यात, कामावर कुनाला ठेवायचं ते त्या ठरवनार, पोरं न्हाई. आनि त्यांच्याकडचा भोंगा चढतो-उतरतो. आपला एका सुरात वाजतोय. खोटा हाय हे त्यास्नी तवाच कळलं हुतं."

जाईबाई पुढं सरकली. मग ओरडल्या कशापायी, असं तिनं विचारलं.

प्रियंकानं आज्जींना विचारलं. आज्जी हसल्या नाहीत. दारापलीकडच्या बैठकीकडं एकदा बघून त्या आवाज खाली घेऊन बोलल्या.

"म्हनत्यात, दोघं आल्यात, पन आज पुन्हा गप गप हायेत. थोरला लवकर निघनार हाय. तुमच्या सरपंचास्नी सांगून आजचा भोंगा जरा आधी वाजवता येईल का?"