हॉर्न वाजला की बसायचं

गाड्या सिग्नलला थांबल्या. नऊ वर्षांच्या नातीने हातातली दोरी सैल सोडली आणि बोक्याने रस्त्यावरच्या पहिल्या पांढऱ्या पट्ट्यावर पाय ठेवला.

शेपूट उभं होतं, म्हणजे स्वारी खुशीत होती. मागून आजोबा सुक्या मासळीची डबी घेऊन चालले होते. समोरच्या फुटपाथवर आई भाजीची पिशवी घेऊन उभी होती. तिची अट सरळ होती. बोका उचलायचा नाही, ओढायचा नाही. स्वतःच्या पायांनी पलीकडच्या बागेपर्यंत आला, तर सुट्टीत मावशीकडे बरोबर येईल. नाहीतर पंधरा दिवस जनावरांच्या डॉक्टरांकडे, पिंजऱ्यात.

दोन महिने घरात तालीम चालली होती. आजोबा बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी बैठकीच्या खोलीचा रस्ता केला आणि तोंडाने हॉर्न वाजवले. स्कूटरचा, ट्रकचा, घाटात वळण घेणाऱ्या बसचा. दचकलेलं मांजर पळत सुटतं आणि चाकाखाली येतं, म्हणून त्यांनी नातीला आणि नातीने बोक्याला एकच धडा दिला. हॉर्न वाजला, की असू तिथे खाली बसायचं. बसलं की मासळी. धडा इतका पक्का झाला, की आजोबांनी नाक शिंकरलं तरी बोका बसायचा. नावही त्याला आजोबांनीच ठेवलं होतं. कंडक्टर.

चार पट्टे झाले. पाचव्यावर असताना मागच्या कुठल्याशा स्कूटरने उगाच हॉर्न दिला.

कंडक्टर खाली बसला.

"शाब्बास!" आजोबांच्या तोंडून सवयीने निघालं. त्यांनी मासळीचा तुकडा दिला. बोका उठला, तेवढ्यात एका रिक्षाने हॉर्न दिला. बोका बसला. दुसरा तुकडा. आणि मग सिग्नल हिरवा झाला.

आता सगळेच वाजवू लागले. सर्वांत पुढे बस होती, तिचा भोंगा सगळ्यांच्या वर. त्या बसच्या बरोबर समोर कंडक्टर पायांभोवती शेपूट गुंडाळून, पाठ ताठ करून बसला होता. हॉर्न वाजला की मान वर करायचा आणि तोंड उघडायचा. आजोबा एकेक तुकडा देत राहिले.

"संपली," ते म्हणाले आणि डबी उलटी करून बोक्याला दाखवली.

बोका बसूनच राहिला.

"किती नीट बसलाय ना, आजोबा," नात म्हणाली. तिचा आवाज मात्र रडवेला झाला होता.

"मास्तरीणबाई, उचला त्याला आता. आई रागावणार नाही."

"रागावणार नाही. पण नेणारही नाही."

तिने आईकडे पाहिलंच नाही. दोरी पुरेल तेवढी, दोन पावलं ती बसकडे गेली आणि मान उंच करून ड्रायव्हरला म्हणाली, "काका, हॉर्न नका ना वाजवू."

"मी नको वाजवू? अगं, हा मध्ये बसलाय त्याचं काय?"

"तुम्ही वाजवताय म्हणून बसलाय तो. त्याला तसंच शिकवलंय."

"असलं कोण शिकवतं?"

नातीने बोट दाखवलं. आजोबांनी रिकामी डबी खिशात घातली.

"बत्तीस वर्षं बस चालवली मी," ते ओशाळून म्हणाले. "रोज हॉर्न वाजवला, पण त्याला मान देऊन कुणी थांबलं नाही. हा पहिलाच."

ड्रायव्हरचा हात भोंग्यावरून खाली आला. त्याने खिडकीतून वाकून बोक्याला नीट पाहून घेतलं.

"नाव काय त्याचं?"

"कंडक्टर."

ड्रायव्हर इतका हसला, की त्याची टोपी मांडीवर पडली. मागे वळून तो आपल्या कंडक्टरला म्हणाला, "ऐकलंस का रे? मोठे साहेब पुढे बसलेत. त्यांनी घंटा दिल्याशिवाय गाडी हलायची नाही." मग खिडकीतून अर्धा बाहेर येऊन त्याने मागच्यांना आवाज दिला, "ए, बंद करा ते भोंगे! जितके वाजवाल तितका वेळ बसेल तो!"

रिक्षावाल्याने मागच्या गाडीला सांगितलं. गाडीने मागच्या स्कूटरला. एकेक हॉर्न गळत गेला. शेवटचा, रांगेच्या टोकाचा, अर्ध्यावरच थांबला.

चौकात कुणाच्या तरी सायकलची साखळी ऐकू येऊ लागली.

कंडक्टरने एक कान मागे वळवला. मग दुसरा. काहीच वाजत नाही अशी खात्री झाल्यावर तो उठला, पुढचे पाय लांब करून त्याने आळस दिला, जांभई दिली आणि शेपूट उभं करून निघाला. नात त्याच्या चालीने चालू लागली. मागून आजोबा, श्वास रोखून.

निम्मा रस्ता झाला. आणि मग नातीच्या लक्षात आलं. पलीकडच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांनाही सिग्नल हिरवाच होता, आणि त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने वर पाहिलं.

आई फुटपाथवर नव्हती. भाजीची पिशवी कोपरात अडकवून, दोन्ही हात पसरून ती भर रस्त्यात उभी होती आणि तिच्यापुढे गाड्यांची रांग थांबली होती. पहिल्या गाडीतल्या माणसाचा हात हॉर्नकडे गेला.

"खबरदार वाजवलात तर!" आई कडाडली. "शिकलेलं मांजर आहे आमचं."