गोजरा विहिरीतून वर आली

गर्भातल्या बाळाला रक्तातून मिळालेल्या पूर्वजांच्या आठवणी सातारच्या त्या दवाखान्यात तपासून मिळत, आणि नको असतील तर पुसूनही मिळत.

"पाण्याची भीती आहे, आईच्या बाजूनं आलेली. आजच काढून टाकू," डॉक्टर म्हणाल्या.

"काढाच," शलाकाच्या सासूबाई म्हणाल्या.

"आधी मला बघू द्या," शलाका म्हणाली.

पडद्यावर काळोखी विहीर उमटली. शलाकाची खापरपणजी गोजरा जे बघत होती, तेच दिसत होतं. तिला ढकलून तिचा सासरा आणि दीर काठावर वाकून, ती बुडायची वाट बघत होते. त्या दोघांनी सांगितलं तसंच सासरचे भाऊबंद आजही गोजराला पळून गेलेली बाई म्हणत. ते दोघे निघून गेल्यावर दोन रक्ताळलेले हात कपारी धरत, गरोदर पोट सावरत वर चढू लागले.

"असलं अभद्र बाळाच्या वाट्याला कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी आठवण पुसायची सुई उचलली, तशी शलाका तपासणीच्या टेबलावरून खाली उतरली.

"हे पुसलं, तर ढकलणाऱ्यांचंच खरं ठरेल, आई," ती म्हणाली. "माझ्या लेकराला भीती वाटली तर वाटू दे. पण गोजरा वर कशी चढली, हेही त्याच्या रक्तात राहू दे."