गर्भ जड असतो

"वाचा! तुमीच वाचा मोठ्यानं!" सुभेदार हंबीररावांनी वही टेबलावर अशी आपटली की दौत हिंदकळली.

जोतीराम मास्तरांनी वही ओढून घेतली. आता काय वाचायचं कपाळ! परवा त्यांनीच फळ्यावर लिहून दिलं होतं. मधोमध एक ठिपका, भोवती तीन वर्तुळं, आणि खाली येसूच्या सुबक अक्षरात : 'अणूच्या मध्यभागी अणुगर्भ असतो. गर्भ आकाराने लहान पण जड असतो. गर्भ फुटल्यास प्रचंड ऊर्जा बाहेर पडते.'

"अणूची रचना आहे ही, सुभेदार. विज्ञान."

"रचना मला दिसतीया. पोरगी सोळा वर्साची हाय माजी. आन् तुमी तिला गर्भ शिकवताय? पोरांच्या वर्गात बसवून?"

मॅट्रिकच्या, म्हणजे अकरावीच्या, परीक्षेचे फॉर्म आज चारच्या पॅसेंजरनं पुण्याला जायचे होते. चाळीस फॉर्म सुतळीनं बांधून तयार होते. एकेचाळिसावा टेबलावर उघडा पडला होता, येसूचा. सगळं भरलेलं, पालकाची सही तेवढी राहिलेली. आणि गणिताला वर्गात पहिली येणारी ही पोर खिडकीपाशी मान खाली घालून उभी, उद्यापासून घरी बसायच्या बेतात. कशापायी, तर एका शब्दापायी! मास्तरांना वाटलं, ज्या कुणी पुण्यात बसून हा शब्द पाडला, त्याला कॉलर धरून रहिमतपुरात आणावा आणि ह्या माणसापुढे बसवावा.

"असं बघा," ते शक्य तितक्या सबुरीनं म्हणाले, "तुमची पलटणीची छावणी. मधे सगळे मोठे साहेब. बाहेरून पहारा फिरतोय. बरोबर?"

"हेडक्वार्टर!" नेफाच्या सरहद्दीवरून परत येऊन पेन्शनीत निघालेल्या सुभेदारांचे डोळे चमकले. "म्हंजी मदी हेडक्वार्टर, आन् भवतीनं गस्त."

"हां! अगदी तसंच!" मास्तरांनी घाईनं टाक दौतीत बुडवून पुढे केला.

"मंग हेडक्वार्टर म्हना की! गर्भ कशाला म्हनताय?"

टाकातली शाई फॉर्मच्या कडेला गळली.

"अहो, बोर्डाच्या पुस्तकात तोच शब्द आहे!"

"बोर्डाला लाज न्हाई. आमाला हाय."

"आबा," येसू पुटपुटली, "दुसरं कायबी लिवलं तर मार्क कापत्यात."

"तू गप."

"देवळात गाभारा असतो," मास्तरांचा आवाज आता चढला, "तोसुद्धा गर्भच! तिथं हात जोडता ना?"

"मदी देवाला आनू नगा, मास्तर."

झालं. माणसाला अणू समजला होता, वर्गातल्या निम्म्या पोरांना समजला नव्हता इतका समजला होता, आणि घोडं अडलं होतं एका शब्दापाशी. डोकं आपटून घ्यावं म्हटलं तरी भिंत शाळेची.

सुभेदार उठले. "आमच्या घरात असला शबुद मी कुनाला काढू देत न्हाई. फॉर्म-बिर्म काय न्हाई. चल येसे. गाडी खोळंबलीया. तुज्या आईला दवाखान्यात दावायचं हाय, मंग मळा गाठायचा हाय."

येसूची आई, भामाबाई, इतका वेळ दारातच उभी होती. डोईवर पदर, एक हात चौकटीला, दुसरा कमरेवर. आठवा महिना सरत आला होता.

"आवं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पाच झाली. ह्ये सहावं. तवा न्हाई वाटली, आन् आता शबदाची लाज वाटतीया व्हय?"

येसूनं मान आणखी खाली घातली. मास्तर उगाचच बांधलेला गठ्ठा पुन्हा बांधायला लागले. वीस वर्षं पलटणीत हुकूम सोडलेल्या सुभेदारांनी बायकोकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं. शेवटी फेटा नीट केला.

"सही मी करनार न्हाई," एवढं म्हणून ते तरातरा बाहेर गेले आणि बैलांवर ओरडू लागले.

भामाबाई खुर्चीच्या पाठीचा आधार घेत आत आली.

"मास्तर, माजा अंगठा चालंल का?"

मास्तरांनी फॉर्म उचलून नीट वाचला. 'पालकाची सही' असं छापलं होतं. बापाची, असं कुठंच नव्हतं. पंधरा वर्षं हे फॉर्म भरून घेत होते, पण ही ओळ त्यांनी कधी धड वाचलीच नव्हती. त्यांनी शिक्क्याची गादी उघडून तिच्यापुढे सरकवली. येसूनं आईचा हात धरला आणि अंगठा जागेवर नेला.

अंगठा उठला. भामाबाई शाई वाळायची वाट बघत उभी राहिली, तशी तिची नजर उघड्या वहीवर गेली. येसूनं चित्राखालच्या ओळी तिला हळूच वाचून दाखवल्या.

"ह्यो मदला जड, त्यो कळला," ती म्हणाली. "आन् भवतीनं कोन फिरतंय?"

"इलेक्ट्रॉन," मास्तर म्हणाले. "सारखा फिरत असतो."

"कवाच टेकत न्हाई?"

"नाही. टेकला तर सगळंच कोसळेल."

बाहेरून सुभेदारांची हाक आली, "आवरा की! भाकरी कवा थापायची मंग?"

भामाबाईनं अंगठा पदराला पुसला.

"मंग बाईच हाय की ती," ती म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून गाडीकडं निघाली.